स्वयंचलित सौर नौकेचा ऊर्जा-रोजमेळ: रंकाळ्यापासून भाट्याच्या खाडीपर्यंत

स्वयंचलित नौका बांधायला घेतलेला जवळजवळ प्रत्येक गट पहिला प्रश्न हाच विचारतो, की सोलर पॅनेल किती वॅटचे घ्यायचे आणि बॅटरी किती अँपिअर-तासांची घ्यायची. प्रश्न रास्त आहे, पण तो फार लवकर विचारलेला असतो. कोल्हापुरात विद्यार्थ्यांच्या नौकांबरोबर काम करताना मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे, की वार्षिक सरासरी सूर्यप्रकाश आणि अंदाजे भार एवढ्याच भांडवलावर केलेले गणित कागदावर नेहमी जमते आणि पावसाळ्यातल्या चौथ्या दिवशी पाण्यावर बंद पडते. गुळाच्या अडत दुकानात वर्षअखेरचा ताळेबंद नफ्याचा असूनही एखाद्या आठवड्यात गल्ल्यात रोकड उरत नाही, तसाच हा प्रकार आहे. त्यामुळे नौकेला ताळेबंदापेक्षा रोजमेळ अधिक उपयोगाचा असतो. प्रत्येक दहा मिनिटांना किती वीज जमा झाली, किती खर्च झाली आणि शिल्लक किती राहिली, हे मांडणारे मॉडेल उभे करण्याची पद्धत या लेखात एका उदाहरणाच्या आधारे दिली आहे.

उदाहरणासाठी २.४ मीटर लांबीची, दोन सांगाड्यांची, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या दोन समांतर अंगांची नौका घेऊ. तिच्यावर १०० वॅटची दोन पॅनेल आडवी बसवलेली आहेत आणि लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची, २५.६ व्होल्ट व ४० अँपिअर-तासांची, म्हणजे १०२४ वॅट-तासांची बॅटरी आहे. महावितरणच्या बिलावरचे एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास, हे लक्षात ठेवले की सगळे आकडे हाताशी येतात: ही संपूर्ण नौका जेमतेम एका युनिटाच्या साठ्यावर जगते. तिने आधी कोल्हापूरच्या रंकाळा तलावात पाण्याच्या गुणवत्तेच्या नोंदी घ्यायच्या आहेत आणि पुढे रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीत तेच काम करायचे आहे.

खर्चाची बाजू आधी

बहुतेकजण सूर्यापासून सुरुवात करतात, पण मी खर्चापासून करायला सांगतो, कारण सूर्य आपल्या हातात नाही आणि खर्च बऱ्याच अंशी आहे. खर्चाचे दोन भाग पाडावेत. नौका जागच्या जागी उभी असतानाही जी वीज लागते तिला आपण मूळ भार म्हणू. पाणी कापत पुढे जाण्यासाठी मोटारीला लागते ती चालन-शक्ती. हे दोन भाग एकत्र मोजले तर पुढचे सगळे गणित बिघडते. ते कसे, ते थोड्या वेळाने पाहू.

मूळ भार काढताना उपकरणाच्या माहितीपत्रकावरचा आकडा वापरू नये. तो बहुधा कमाल आकडा असतो किंवा प्रयोगशाळेतील आदर्श स्थितीतला असतो. टेबलावर सगळी यंत्रणा जोडून, बॅटरीच्या ऋण तारेवर शंट, म्हणजे प्रवाह मोजण्यासाठीचा छोटा रोध, बसवून, दर सेकंदाला विद्युतप्रवाह नोंदवणारा लॉगर लावावा आणि एकेक उपकरण चालू-बंद करून फरक टिपावा. आपल्या उदाहरणात ऑटोपायलट, जीपीएस आणि होकायंत्र मिळून सतत २.५ वॅट घेतात. छोटा संगणक सतत ५ वॅट घेतो. पाण्याचे संवेदक ४ वॅट घेतात, पण ते दर पंधरा मिनिटांतील पाचच मिनिटे चालतात, म्हणून त्यांची सरासरी १.३ वॅट धरायची. ४जी मोडेम नुसता बसून १ वॅट घेतो आणि दहा मिनिटांतून एक मिनिट माहिती पाठवताना ५ वॅट घेतो, म्हणजे सरासरी १.४ वॅट. बेरीज १०.२ वॅट होते.

इथे थांबणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. बॅटरीचा २५ व्होल्टचा दाब ५ किंवा १२ व्होल्टवर आणणारे कन्व्हर्टर कमी भारावर चालताना बरीच ऊर्जा उष्णतेत घालवतात. त्यांची कार्यक्षमता ८५ टक्के मोजली गेली, तर बॅटरीतून प्रत्यक्षात १२ वॅट निघतात. दिवसाला २८८ वॅट-तास, म्हणजे नौकेने एक मीटरही अंतर कापले नाही तरी चार दिवसांत संपूर्ण बॅटरी रिकामी होईल एवढा हा खर्च आहे. हा आकडा पाहून विद्यार्थी दचकतात, आणि त्यांनी दचकावे अशीच माझी इच्छा असते. मोटारीविषयी तासन् तास चर्चा करणाऱ्या गटाने संगणक चोवीस तास चालू ठेवण्याची खरोखर गरज आहे का, हे एकदाही विचारलेले नसते.

वेगाचा घन

आता चालन-शक्ती. पाण्याचा अवरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि शक्ती म्हणजे अवरोध गुणिले वेग, म्हणून शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सूत्र असे लिहू:

चालन-शक्ती = क × वेग × वेग × वेग

यातील ‘क’ या एका आकड्यात सांगाड्याचा आकार, भिजलेले क्षेत्रफळ, पाण्याची घनता, पंख्याची आणि मोटारीची कार्यक्षमता हे सर्व सामावलेले असते. आपल्या नौकेला सेकंदाला १ मीटर वेगासाठी ४० वॅट लागतात असे धरू, म्हणजे क = ४०. मग ०.५ मीटरला फक्त ५ वॅट लागतील आणि १.५ मीटरला १३५ वॅट लागतील. वेग तिप्पट केला की शक्ती सत्तावीस पट होते.

‘क’ मोजण्यासाठी स्थिर पाणी हवे आणि त्या दृष्टीने आपल्याकडे रंकाळा आहे, ही मोठी सोय आहे. महापालिकेची परवानगी घेऊन पहाटे, वारा उठण्याआधी चाचणी करावी. एकाच रेषेवर जाऊन-येऊन, असे दोन्ही दिशांना प्रत्येक वेग तपासावा, म्हणजे मंद वाऱ्याचा परिणाम बऱ्यापैकी कटतो. ०.४ ते १.२ मीटर या टप्प्यात किमान पाच वेग घ्यावेत आणि प्रत्येक वेगाला दोन-तीन मिनिटे स्थिर चाल मिळू द्यावी. वेग वाढवतानाच्या किंवा वळतानाच्या नोंदी टाकून द्याव्यात.

नोंदी मिळाल्यावर एकूण शक्तीतून मूळ भार वजा करावा आणि मगच वेग व शक्ती यांचा आलेख दोन्ही अक्षांवर लॉग प्रमाण घेऊन काढावा. रेषेचा चढ ३ च्या आसपास यायला हवा. मूळ भार वजा न करता रेषा बसवली तर कमी वेगाचे बिंदू वर उचलले जातात, चढ १.६ च्या जवळ दिसू लागतो आणि गट असा निष्कर्ष काढतो की आपली नौका वेगात फारच काटकसरी आहे. वर म्हटलेली चूक ती हीच. उलट चढ ३ पेक्षा पुष्कळ जास्त आला, तर वेगमर्यादा तपासावी: २.४ मीटर लांबीच्या सांगाड्याला सेकंदाला सुमारे १.७ मीटरच्या पुढे स्वतःच निर्माण केलेल्या लाटांचा अवरोध जोरात जाणवू लागतो आणि घनाचा नियम तिथे पुरत नाही.

एक सावधगिरी रंकाळ्यासाठीच आहे. पंख्याला केंदाळाची मुळे गुंडाळली गेली की ‘क’ गुपचूप वाढतो. आमच्या एका चाचणीत सकाळच्या पहिल्या आणि शेवटच्या फेरीतील आकडे जुळेनात, म्हणून आम्ही लॉगरवर संशय घेत बसलो होतो. नौका काठाला ओढल्यावर पंख्याभोवती हातभर मुळे निघाली. त्यानंतर प्रत्येक फेरीआधी आणि नंतर पंखा पाहून वहीत नोंद करायची, असा नियम आम्ही केला.

सर्वांत स्वस्त वेग

मूळ भार आणि ‘क’ हे दोन आकडे हाती आले की मॉडेलचा पहिला खरा उपयोग लगेच करता येतो. एक किलोमीटर जाण्यासाठी लागणारी ऊर्जा ही एकूण शक्तीला वेगाने भागून मिळते. फार वेगाने गेल्यास घनाचा नियम महाग पडतो. फार सावकाश गेल्यास वाटेत जाणाऱ्या वेळेत मूळ भार बॅटरी खात राहतो. मधला सर्वांत स्वस्त वेग असा असतो, जिथे चालन-शक्ती मूळ भाराच्या बरोबर निम्मी असते. कलनाने हे दोन ओळींत सिद्ध होते आणि विद्यार्थ्यांनी ते स्वतः करून पाहावे.

आपल्या नौकेचा मूळ भार १२ वॅट, म्हणून चालन-शक्ती ६ वॅट हवी. त्यावरून वेग सेकंदाला ०.५३ मीटर येतो. एकूण १८ वॅट खर्च होतात आणि किलोमीटरला ९.४ वॅट-तास लागतात. १ मीटर वेगाने हाच आकडा १४.४ होतो, आणि ०.२५ मीटर इतक्या संथ वेगानेही तो १४ च होतो. ‘हळू चालवा, बॅटरी वाचेल’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला किती अपुरा आहे, ते यातून दिसते.

समोरून प्रवाह असेल तर हा वेग बदलतो. प्रवाह सेकंदाला ०.४ मीटर असल्यास पाण्याच्या सापेक्ष सर्वांत स्वस्त वेग ०.८२ मीटर होतो आणि जमिनीवरच्या प्रत्येक किलोमीटरला २२.५ वॅट-तास मोजावे लागतात, म्हणजे स्थिर पाण्याच्या जवळजवळ अडीचपट. हा आकडा खाडीत पुन्हा लागणार आहे.

जमेची बाजू

पॅनेलवर लिहिलेले वॅट हे चौरस मीटरला १००० वॅट प्रकाश आणि २५ अंश तापमानाच्या पेशी, या स्थितीतले असतात. पाण्यावर तापलेल्या पॅनेलला ही स्थिती क्वचितच लाभते. हवेचे तापमान ३५ अंश आणि प्रकाश ९०० वॅट असेल, तर सर्वसाधारण पॅनेलच्या पेशी ६३ अंशांपर्यंत तापतात. प्रत्येक अंशाला सुमारे ०.४ टक्के घट धरली तर १५ टक्के उत्पादन केवळ उष्णतेने जाते. त्यात पॅनेलची वीज बॅटरीत सोडणाऱ्या चार्ज कंट्रोलरचे ५ टक्के आणि धुळीचे ५ टक्के वजा केल्यावर २०० वॅटच्या पॅनेलमधून साधारण १३८ वॅट हाती येतात. दिवसभराच्या हिशोबासाठी ०.७५ हा एकत्रित गुणांक धरून सुरुवात करावी आणि नंतर तो मोजलेल्या नोंदींवरून सुधारावा.

सूर्याची भूमिती सोपी आहे. कोल्हापूर १६.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य डोक्यावरच्या बिंदूपासून ४० अंश खाली असतो आणि आडव्या पॅनेलला थेट किरणांच्या तीव्रतेचा ७६ टक्के भागच मिळतो. मे आणि ऑगस्ट या दोन्ही महिन्यांच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. नुसत्या भूमितीवर विश्वास ठेवला तर ऑगस्ट हा उत्तम महिना ठरेल! ढगांची माहिती नसलेले मॉडेल किती ठामपणे चुकीचे बोलू शकते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

म्हणून तासागणिक सौर नोंदी घ्याव्यात. नासाच्या ‘पॉवर’ या मोफत संग्रहातून अक्षांश-रेखांश देऊन अनेक वर्षांच्या नोंदी मिळतात. मात्र त्यांतील सूर्यप्रकाशाची जाळी सुमारे एक अंशाची, म्हणजे शंभरावर किलोमीटर रुंदीची आहे. एवढ्या अंतरात आपल्याकडे माळ, घाट आणि किनारा असे तीन वेगळे प्रदेश मावतात. गगनबावड्याला कोल्हापूर शहराच्या कितीतरी पट पाऊस पडतो, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. जाळीच्या एका चौकोनाला ते ठाऊक नसते. त्यामुळे महाविद्यालयाच्या गच्चीवर एक छोटे पॅनेल आणि लॉगर वर्षभर ठेवून उपग्रहाच्या नोंदींशी ताडून पाहावे, आणि राधानगरीच्या जलाशयात काम करायचे असेल तर तिथली नोंद वेगळी घ्यावी.

साठा आणि त्याच्या दोन मर्यादा

रोजमेळाची मुख्य ओळ अशी आहे: पुढची शिल्लक = आताची शिल्लक + जमा × चार्जिंगची कार्यक्षमता − खर्च ÷ डिस्चार्जची कार्यक्षमता. लिथियम आयर्न फॉस्फेटसाठी दोन्ही कार्यक्षमता ०.९७ च्या आसपास धरून सुरुवात करता येते. कालावधी दहा मिनिटांचा घ्यावा.

या ओळीला दोन मर्यादा घालणे अनिवार्य आहे. शिल्लक १०२४ वॅट-तासांच्या वर जाऊ शकत नाही; बॅटरी भरल्यावर आलेली ऊर्जा वाया जाते. वरची मर्यादा विसरलेल्या मॉडेलमध्ये उन्हाळ्यातील ऊर्जा कागदावर साठत जाते आणि जुलैमध्ये वापरली जाते, जे प्रत्यक्षात अशक्य आहे. खालची मर्यादा मी २० टक्क्यांवर ठेवतो, म्हणजे वापरण्याजोगी ऊर्जा ८१९ वॅट-तास उरते.

प्रत्यक्ष नौकेवर शिल्लक कशी ओळखायची, हा वेगळा प्रश्न आहे. या प्रकारच्या बॅटरीचा व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे व्होल्टेज पाहून टक्केवारी सांगणे म्हणजे अंदाजपंचे काम होय. शंटमधून येणारा-जाणारा प्रवाह मोजत राहावे. पण शंटमध्ये ५० मिलिअँपिअरची कायमची चूक असेल तर ती एका दिवसात १.२ अँपिअर-तास, म्हणजे क्षमतेच्या ३ टक्के होते. आठवड्याभरात हिशोब पाचव्या हिश्शाने चुकतो. बॅटरी पूर्ण भरेल तेव्हा तेव्हा मोजणी १०० टक्क्यांवर आणून ठेवावी, आणि ढगाळ दिवसांत तशी संधीच येत नाही हे ध्यानात घेऊन त्या काळात शिलकीवर कमी भरवसा ठेवावा.

चौथा दिवस

आता मॉडेल चालवू. नौका चोवीस तास ०.५३ मीटर वेगाने फिरते असे धरल्यास दिवसाचा खर्च ४३२ वॅट-तास होतो. चांगल्या उन्हाच्या दिवशी चौरस मीटरला ५ युनिट प्रकाश, म्हणजे १००० वॅटच्या पूर्ण प्रकाशाचे पाच तास मिळाले, तर २०० वॅटच्या पॅनेलमधून ०.७५ गुणांकाने ७५० वॅट-तास येतात. ढगाळ महिन्याची सरासरी ४ युनिट धरली तरी ६०० येतात. सरासरीचे गणित इथेच संपते आणि ‘पुरून उरेल’ असे सांगते.

पण पंचगंगेला फुगवटा आणणारा पाऊस लागला की दिवसामागून दिवस १.२ युनिटांचा जाऊ शकतो. तेव्हा जमा फक्त १८० वॅट-तास आणि तूट रोज २५२. भरलेल्या बॅटरीतील ८१९ वॅट-तास सव्वातीन दिवसांत संपतात आणि चौथ्या दिवशी नौका थांबते. मोटार पूर्ण बंद ठेवली तरी मूळ भारापोटी रोज १०८ वॅट-तास तूट येतच राहते. मृत्यू फक्त साडेसात दिवसांवर ढकलला जातो.

यावर मोठी बॅटरी हा उपाय सर्वांना सुचतो, परंतु ती वजन वाढवते, सांगाडा खोल बसतो आणि ‘क’ वाढतो. त्याआधी खर्चाची तिसरी अवस्था तयार करावी, जिला आम्ही ‘उपास’ म्हणतो. संगणक तासाला दहा मिनिटे, संवेदक तासाला पाच मिनिटे आणि मोडेम तासाला दोन मिनिटे एवढेच चालू ठेवले, ऑटोपायलट मात्र सतत जागा ठेवला, तर मूळ भार १२ वरून ४.५ वॅटवर येतो. दिवसाला १०८ वॅट-तास लागतात आणि १८० येतात, म्हणजे त्या काळवंडलेल्या दिवसातही थोडी बचत होते. एकही पैसा न खर्चता नौका कितीही दिवस जगू लागते. आठवड्यातून काही दिवस रात्रीची वीज मिळणाऱ्या उसाच्या पंपाचे वेळापत्रक सांभाळलेल्या घरातील मुलांना ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही.

उपास कधी सुरू करायचा आणि कधी सोडायचा, हे मॉडेलच ठरवते. उदाहरणार्थ, शिल्लक ५० टक्क्यांखाली गेली की सुरू आणि ७० टक्क्यांवर गेली की बंद. दोन्ही आकड्यांत अंतर ठेवले नाही तर नौका दर तासाला अवस्था बदलत राहते. हे आकडे तपासण्यासाठी उपलब्ध सर्व वर्षांच्या नोंदींवर, प्रत्येक दिवसापासून एकेक मोहीम सुरू करून मॉडेल चालवावे आणि किती मोहिमा खालच्या मर्यादेला टेकल्या ते मोजावे. दिवसांचे पत्ते पिसून यादृच्छिक क्रम लावू नये. ढगाळ दिवस एकटे येत नाहीत, झडीने येतात, आणि पिसल्यावर नेमकी झडच नाहीशी होते.

मॉडेल आणि पाणी यांचा मेळ

दोन-तीन दिवसांची पहिली मोहीम झाल्यावर लॉगरची शिल्लक आणि मॉडेलची शिल्लक एकाच आलेखावर काढावी. नुसता शेवटचा आकडा जुळला म्हणून समाधान मानू नये. जास्त धरलेला खर्च आणि जास्त धरलेली जमा एकमेकांना झाकू शकतात. रात्रीचा उतार वेगळा पाहावा, कारण रात्री सूर्य नसतो आणि फक्त खर्चाची परीक्षा होते. तो जुळल्यावर दिवसाच्या चढातून पॅनेलचा गुणांक सुधारावा. या क्रमाने गेल्यास कोणती चूक कोणाची, हे वेगळे करता येते.

खारे पाणी

भाट्याला जाताना घनतेतील अडीच टक्क्यांच्या वाढीची चिंता करू नये. चिंता लाटांची, वाऱ्याची, पॅनेलवर साचणाऱ्या मिठाची आणि सांगाड्यावर वाढणाऱ्या शेवाळ-शिंपल्यांची करावी. मोठ्या जहाजांच्या रचनेत खवळलेल्या समुद्रासाठी शक्तीत १५ टक्क्यांच्या आसपास वाढ धरण्याची प्रथा आहे. अडीच मीटरच्या नौकेने तिच्यावर विसंबू नये, तिथे ‘क’ पुन्हा मोजावा आणि तो दर आठवड्याला वाढतो असे मॉडेलमध्ये लिहावे.

नौकेऐवजी पाण्याखालचे यंत्र असेल तर रोजमेळाची जमेची बाजू कोरीच राहते. २००९ मध्ये रटगर्स विद्यापीठाच्या ‘स्कार्लेट नाइट’ या ग्लायडरने केवळ सोबत नेलेल्या बॅटरीवर २२१ दिवसांत अटलांटिक महासागर ओलांडला. तिथे पंखा नव्हता. प्रत्येक बुडीच्या तळाशी आणि पृष्ठभागाजवळ पंपाने तरणशीलता बदलून ते यंत्र वर-खाली सरकत पुढे जात होते, म्हणून खर्च तासांवर नव्हे तर बुड्यांच्या संख्येवर मोजावा लागतो.

खाडीत मात्र भरती-ओहोटीचा प्रवाह हाच जमाखर्चातील सर्वांत मोठा खातेदार ठरतो. समजा, ओहोटी सेकंदाला ०.४ मीटरने समोरून वाहते आहे आणि नौकेला तीन किलोमीटर वर जायचे आहे. लगेच निघाल्यास ६८ वॅट-तास लागतील. धक्क्यालाच उपासाच्या अवस्थेत तीन तास बांधून ठेवली तर १४ वॅट-तास जातील, आणि मग पाणी थांबल्यावर निघाल्यास २८, एकूण ४२. तीच वाट उपास न करता १२ वॅटवर पाहिली तर बेरीज ६४ होते आणि थांबण्याचा फायदा जवळपास नाहीसा होतो. म्हणून भरतीचे तक्ते मॉडेलमध्ये घालताना निघण्याच्या वेळेबरोबर वाट पाहण्याची अवस्थाही एक चल म्हणून घालावी, आणि पहिल्या मोहिमेच्या आदल्या संध्याकाळी दोन्हींचे उत्तर त्या दिवसाच्या तक्त्यावर पुन्हा काढून घ्यावे.